हरभऱ्यातली मर आणि डोक्यावरची चाई: केस गोल-गोल का जातात?

मी गावात मेडिकल चालवतो, अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. डॉक्टर नाही, फार्मसीवाला आहे, पण गावात डॉक्टरच्या आधी माणूस माझ्याच काउंटरवर येतो. डोक्यावरचा दुपट्टा काढतो, मान खाली घालतो आन् म्हणतो, "हे पाय बरं भाऊ, काय झालं थे." मी केस बाजूला करून पाहतो तर मधेच रुपयाएवढा गोल चट्टा, एकदम गुळगुळीत, जसं काही कुणी वस्तऱ्यानं तेवढंच काढून घेतलं.

आधी लोक एवढंच विचारायचे की काय लावू. जानेवारी २०२५ नंतर दुसरा प्रश्न सुरू झाला, "शेगावकडचं तर नाही ना हे?" बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत तीन-चार दिवसांत लोकांचे केस हातात येऊन टक्कल पडलं होतं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, चॅनलवाल्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असं नाव पण देऊन टाकलं, आणि तेव्हापासून डोक्यावर कुठंही चट्टा दिसला की माणूस घाबरतो. व्हायरस-बियरस काही नव्हतं ते. पण ते काय होतं आणि तुमच्या डोक्यावर आहे ते काय आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी केसाचं पाहून घेऊ

वर दिसतो तो केस मेलेला असतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते खाली, चामडीतल्या बारक्या खड्ड्यात. त्या खड्ड्याला केशकूप म्हणतात, मी पुढं नुसतं मूळ म्हणीन. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातले शेकडा ८५-९० वाढीला लागलेले असतात, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, आणि ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते. बाकीचे आराम करत असतात आणि आराम झाला की गळतात. रोज ५० ते १०० केस गेले तर ते गळणं नाही, तो हिशोबच आहे. त्यामुळं फणीत चार केस दिसले म्हणून माझ्याकडं ४०० रुपयाचं तेल मागायला येऊ नका (ठेवतो मी ते तेल, पण तरी).

टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं आजारपण झालं की दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर-मूठभर जातात. ते सगळ्या डोक्यावरून विरळ होतात, चट्टा पडत नाही. संत्र्याच्या झाडाला ताण बसला की फळगळ होते ना, तशीच ही गळ. झाडाला काही झालेलं नसतं, ताण गेला की बहार परत येतो. यावर जास्त बोलत नाही कारण आपला विषय चट्ट्यांचा आहे.

वावरात पट्टा पडला तर तुम्ही काय करता?

हरभऱ्यात मधेच गोल जागा वाळली तर शेतकरी लगेच दुकानात पळत नाही. आधी वावरात जाऊन बसून पाहतो, झाड उपटून मूळ पाहतो. मर लागली असली तर मूळ आतून काळपट निघते. पाणी साचलं असलं तर मूळ सडते. शेजाऱ्यानं तणनाशक मारलं आणि वारा इकडं आला तर धुऱ्याकडून एकदम झपाट्यानं वाळते. रानडुक्कर शिरलं तर झाड मोडलेलं असते, रोग नसतोच. चारही ठिकाणी लांबून दिसायला एकच, 'पट्टा पडला'. औषध मात्र चारही ठिकाणी वेगळं, आणि रानडुकराला तर फवारणी करून काहीच होत नाही.

डोक्याचंही अगदी हेच आहे. चट्टा हा रोग नाही, ते फक्त रोगाचं दिसणं आहे. आपण वावरात एवढे हुशार असतो आणि डोक्याच्या बाबतीत काहून एकदम "कोणती ट्यूब लावू" वर येतो ते मला आजवर समजलं नाही.

चाई: राखणदारच पिकात शिरतो

रुपयासारखा गोल, गुळगुळीत, ना खाज ना कोंडा ना दुखणं, असा चट्टा अचानक पडला तर बहुतेक वेळा ती चाई असते. कोणी तिला उंदरी म्हणते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर अलोपेशिया एरियाटा लिहिलेलं असते. गावात म्हणतात किडा केस खाते, रात्री झुरळ चाटते. असं काहीच नसते.

आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, म्हणजे वावराचे राखणदार. ते कधी कधी चुकून आपल्याच शरीराला परकं समजून मारतात, याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. केसाच्या मुळाशी एरवी या राखणदारांना शिरायला मनाई असते. चाईत ती मनाई मोडते आणि ते मुळाच्या खालच्या गाठीभोवती गोळा होऊन वाढ थांबवतात. केस तुटून पडतो. पण ज्या पेशींपासून केस नव्यानं तयार होतो त्या थोड्या वरच्या बाजूला असतात आणि त्यांना हात लागत नाही. हराळी वरून कितीही खुरपली तरी खाली गाठ शिल्लक आहे तोवर परत फुटतेच, तसं. म्हणून चाईत केस परत यायची आशा असते, आणि एखाद-दुसराच चट्टा असला तर अर्ध्याहून जास्त लोकांचे वर्षभरात आपोआप येतात. कोणी मंत्र मारला, कोणी कांदा घासला, कोणी माझ्याकडून ट्यूब नेली, आणि गुण सगळ्यांना आला, त्यातलं अर्धं श्रेय खरं तर या आपोआपचं आहे.

चाई दुर्मिळ नाही. १०० माणसांत साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी होते. लहान पोरांना होते, म्हाताऱ्यांना होते, दाढीत होते, भुवईत होते. घरात कुणाला चाई, थायरॉइड किंवा अंगावरचे पांढरे कोड असले तर शक्यता वाढते, कारण ही सगळी चुकलेल्या राखणदारांचीच कामं आहेत. चट्ट्याच्या कडेला पाहा, उद्गारचिन्हासारखे केस दिसतील, वर जाड आणि चामडीजवळ बारीक. काहींच्या नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे असतात. आणि मुख्य म्हणजे ती लागट नाही. एका टॉवेलानं, एका फणीनं, शेजारी बसल्यानं काही होत नाही. पोरीला चाई पडली म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा बाप्पा.

डॉक्टर चट्ट्यात स्टिरॉइडचं बारीक-बारीक इंजेक्शन देतात, महिना-दीड महिन्याच्या अंतरानं. लहान पोरांना बहुतेक लावायचं औषध देतात. पूर्णच डोकं गेलं तर आता गोळ्या आहेत, बॅरिसिटिनिब नावाची गोळी २०२२ मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या गंभीर चाईसाठी मंजूर झाली. पण ती राखणदारांनाच झोपवते, म्हणून आधी टीबी वगैरे तपासावं लागते. माझ्या काउंटरवरून मागायची चीज नाही ती.

पोराच्या डोक्यावर पापुद्रा असला तर गोष्ट वेगळी

शाळेतल्या पोरट्याच्या डोक्यावर चट्टा आहे, पण त्यावर भुरकट पापुद्रा आहे, खाजवते, केस मुळापाशीच तुटून काळे ठिपके दिसतात, कधी पू भरल्यासारखी फुगलेली गाठ, मानेला बेंड, तर ती चाई नाही, तो दाद आहे. अंगावर गजकर्ण होतो तोच, डोक्यातला. बुरशी. आणि हा मात्र लागट. एकाची टोपी दुसऱ्यानं घातली, एक फणी, एक उशी, झालं. काही बुरशी गोऱ्ह्या-वासरापासून पण येते, वासराच्या तोंडाभोवती राखाडी खपल्यांचे गोल दिसत असतील आणि पोरगं दिवसभर त्याच्याच गळ्यात पडत असेल तर दोघांकडं पाहा.

इथं लोक सगळ्यात मोठी चूक करतात आणि खरं सांगतो, सुरुवातीची दोन वर्षं मी पण केली. ट्यूब दिली. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, वरून लावलेली मलम तिथं पोहोचतच नाही. पोटातून गोळी घ्यावी लागते, चार ते आठ आठवडे, वजनाप्रमाणं, डॉक्टरनं लिहिलेली. ग्रिसिओफुल्विन लिहून दिलं असलं तर दूध-तुपाच्या जेवणासोबत द्यावं, चांगलं लागू पडते. आणि ती जी तीन-तीन औषधं मिसळलेली ट्यूब असते ना, लोक नावानं मागतात, तिच्यात स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. आतमध्ये बुरशीला मात्र रान मोकळं, कारण राखणदार झोपले. एका पोट्ट्याला मीच अशी ट्यूब दिली होती, महिन्यानं त्याची आई आली तर अर्ध्या डोक्यावर पसरलेलं. ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून चिठ्ठीशिवाय ती ट्यूब मी देत नाही, गिऱ्हाईक शिव्या देऊन दुसऱ्या मेडिकलला जाते, जाऊ दे.

म्हणजे चाईत स्टिरॉइड औषध आणि दादात तेच विष. चट्टा लांबून दोन्हीत सारखाच.

रानडुक्करवाले चट्टे

काही चट्टे रोगाचे नसतातच. पोरींच्या वेण्या रोज कचकचून वरती बांधल्या की कानशिलावरचे आणि कपाळाच्या कडेचे केस मागं सरतात. सैल बांधा, लवकर सोडवलं तर येतात, दहा वर्षांनी सोडवलं तर येत नाहीत. चुंबळ ठेवून रोज एकाच जागी गुंडावर गुंड वाहून नेणाऱ्या बायांची टाळू विरळ झालेली मी पाहिली आहे, तिथं दाब आणि घासणं दोन्ही. काही पोरं, आणि मोठी माणसं सुद्धा, नकळत स्वतःचे केस उपटतात, परीक्षेत, घरात भांडणं असली की. तो चट्टा वेडावाकडा असतो, गोल नसतो, आणि त्यात लांब-आखूड सगळ्या मापाचे केस असतात. अशा पोराला मारून काही होत नाही, त्याला काय होऊन रायलं ते विचारा.

कसर लागलेल्या लुगड्यासारखे इथं-तिथं बारके-बारके चट्टे मोठ्या माणसाच्या डोक्यावर असले तर डॉक्टर गरमी म्हणजे सिफिलीसची रक्ततपासणी सांगतात. लाजू नका, इंजेक्शननं बरं होते.

मग शेगावकडं काय झालं होतं?

ते तणनाशकावाणी झालं होतं. एका माणसाचा एक चट्टा नाही, गावंच्या गावं. बातम्यांमध्ये १८ गावं आणि २७९ माणसं असा आकडा आला होता, लहान पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत. डोकं खाजायचं, मुंग्या यायच्या, काहींना ताप, उलटी, डोकेदुखी, आणि मग केस हातात. एवढ्या झपाट्यानं सगळीकडं एकदम होते तेव्हा चाई किंवा दाद नसते, काहीतरी पोटात गेलेलं असते.

आरोग्य खात्याच्या टीमा आल्या, आयसीएमआरचे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे, लोक येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचवाच्या विषावर ज्यांनी आयुष्य घातलं आणि २०२२ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली, ते पण गावात येऊन गेले. त्यांनी लोकांचे रक्त, लघवी, केस तपासले आणि रेशनचा गहू तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की बाहेरून, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम खूप जास्त होतं, लोकांच्या अंगातही ते खूप वाढलेलं होतं, आणि जस्त म्हणजे झिंक कमी झालेलं होतं.

सेलेनियम हे मातीतलं एक मूलद्रव्य. अंगाला लागते, पण चिमटीच्याही चिमटीएवढं, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम. ४०० च्या वर रोज जाऊ नये. बावस्करांच्या गव्हाच्या तपासणीत किलोला १४.५२ मिलिग्रॅम निघालं, जिथं १.९ च्या वर नसायला पाहिजे. आता हिशोब करा. कामाचा माणूस दिवसाला २०० ग्रॅम पीठाच्या पोळ्या सहज खाते. म्हणजे २९०० मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या सात पट, रोज.

आता केसच काहून? केस जाळला की जो वास येतो तो गंधकाचा. केस ज्याचा बनतो त्यात गंधक भरपूर असते, आणि केसाचे धागे एकमेकाला धरून ठेवायचं काम गंधकाच्या जोडण्या करतात. सेलेनियम हे गंधकाचं दिसायला जुळं भावंड. शरीर फसते आणि गंधकाच्या जागी तेच बसवून टाकते. बंडीच्या कण्याला चाक अडवणाऱ्या लोखंडी खिळीऐवजी शिशाची ठोकली तर बंडी उभी दिसते, पण पहिल्या खड्ड्यात चाक निखळते. नखं पण त्याच मालाची बनतात म्हणून पुढं त्याच गावांतून नखं खराब होऊन गळाल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेत २००८ मध्ये एका पातळ टॉनिकमध्ये चुकून लेबलच्या २०० पट सेलेनियम गेलं होतं, २०१ माणसं आजारी पडली, त्यातल्या शेकडा ७२ लोकांचे केस गेले. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६०च्या दशकात गावंच्या गावं अशीच केस-नखं गळून बसली होती, तिथं ते दगडी कोळशातून मातीत आणि मातीतून पिकात आलं होतं. म्हणजे आपल्याकडं आक्रीत झालं असं काही नाही.

"पण आमचं पाणीच खराब आहे, पाण्यानंच झालं असंल"

पहिला संशय पाण्यावरच गेला आणि ते साहजिक होतं, हा खारपाण पट्टा आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तपासणीत पाण्यात नायट्रेट जास्त निघालंही. ते वाईटच आहे, तान्ह्या बाळाला तर धोक्याचं आहे, पण नायट्रेटनं तीन दिवसांत टक्कल पडत नाही. आणि खारं पाणी आजच आलं का? आपल्या आज्याच्या आज्यानं तेच पिलं, त्यांच्या शेंड्या होत्या ना जागेवर. अचानक झालेल्या गोष्टीचं कारण अचानक बदललेल्या गोष्टीत शोधावं लागते. म्हणून घरात नवीन काय आलं हे पाहणं महत्त्वाचं. पाण्याची बोंब आपण मारलीच पाहिजे, पण ती किडनीसाठी मारा, केसांसाठी नको.

"एकाच घरात एकाचे गेले, दुसऱ्याचे नाही, ते कसं?"

हा प्रश्न मला एका मावशीनं विचारला आणि एकदम बरोबर प्रश्न आहे. एकाच डब्यातून सगळे सारखं खात नाहीत. एक जण पाच पोळ्या खाते, म्हातारी ज्वारीचीच भाकर मागते. कुणाच्या अंगात झिंक आधीच कमी. कुणाचे जास्त केस वाढीत असतात, विषाचा फटका वाढीतल्या केसालाच बसतो. एकाच फवारणीनं वावरातली सगळी झाडं कुठं सारखी वाळतात.

ज्वारीवरून आठवलं, आमच्याकडं आधी घरची ज्वारी असायची, गहू सणाला. आता ज्वारीच्या वावरात सोयाबीन आहे आणि ताटात दुसऱ्या राज्यातली पोळी. गहू वाईट असतो असं मी म्हणत नाही, रेशनवर लाखो घरं जगतात, आणि ही बातमी वाचून कुणी धान्य उकिरड्यावर फेकू नये. पण पंजाबात होशियारपूर, नवांशहर भागात काही जमिनीतच सेलेनियम जास्त आहे हे तिकडच्या शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. गोदामात येतो तो गहू कोणत्या मातीतला आहे हे पोळी खाणाऱ्याला कळायची काही सोय नाही, आणि तपासायचं काम त्याचं नाही, विकत घेणाऱ्या सरकारचं आहे.

सेलेनियमला उतारा नाही. खाणं बदललं की ते हळूहळू अंगातून निघून जाते आणि मूळ जिवंत असल्यानं केस परत फुटतात. शेगावकडच्या बऱ्याच लोकांचे आले.

बिब्बा, जमालगोटा आणि गुंज

आता ज्यासाठी मुख्य म्हणजे लिहायला बसलो ते. चट्टा पडला की कुणीतरी जाणता सांगतोच, बिब्बा लाव, जमालगोटा घास, गुंज उगाळून लाव. तर्क असा की आग झाली की रक्त येते आणि केस येतात. चामडी थोडी चेतवून चाई बरी करायची पद्धत डॉक्टरांकडंही आहे, त्यामुळं विचार अगदीच अडाण्याचा नाही. पण डॉक्टर मोजून-मापून चेतवतात आणि बिब्ब्याला माप नसते. बिब्ब्यानं चामडी भाजते, फोड येतात, जखम भरते ती व्रण होऊन. व्रणात मूळ राहत नाही. हराळीची गाठच खणून टाकली. माझ्या काउंटरवर एक बाई आली होती, चाई होती रुपयाएवढी, आपोआप गेली असती कदाचित, बिब्बा लावून हाताच्या तळव्याएवढा चकचकीत व्रण झाला. तिथं आता कशानंच केस येणार नाही.

म्हणून घरी एकच गोष्ट पाहा. उजेडात, जमलं तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून, चट्ट्यावर केसाचे बारीक टोचे दिसतात का? दिसतात तर मूळ बहुतेक जिवंत आहे, वेळ आहे. टोचेच नाहीत, चामडी ताणलेली, मेणचट, कडेला लाल-जांभळी, तर आतून व्रण करणारा आजार असू शकतो, लायकेन किंवा ल्युपससारखा, तिथं थांबायचं नाही, त्याच आठवड्यात चामडीच्या डॉक्टरकडं जा. तिथं गेलेले केस येत नाहीत, पुढचे वाचवायचे असतात. पापुद्रा-पू असला तरी थांबू नका. घरातल्या दोघा-तिघांचे एकदमच जात असले तर आशाताईला सांगा, पीएचसीत कळवा, आणि घरातला गहू फेकून न देता मूठभर पुडीत बांधून ठेवा, तपासायला लागेल. गुळगुळीत एकच चट्टा असला तर घाबरायचं कारण नाही, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात चामडीचा विभाग असतो, सवडीनं दाखवून या.

आणि एक, चाईत केस परत येतात तेव्हा बऱ्याचदा पहिल्यांदा पांढरेशुभ्र येतात. दरवेळी कुणीतरी घाबरून येतेच. परवा एक जण आला, तिशीतला, म्हणे, "भाऊ, चट्टा भरला पण म्हातारा झालो ना मी, काळी मेहंदी दे." म्हटलं ठेव पैसे खिशात, तीन-चार महिने थांब, त्यातच रंग भरंल. तो मेहंदी घेऊनच गेला, दुसऱ्या मेडिकलातून.